कोलारच्या सोन्याचे खरे पायोनिअर कोण?

२०१८ मध्ये 'केजीएफ' सिनेमा आला आणि आपल्या वस्त्यांतल्या पोरांच्या तोंडी त्याचे डायलॉग बसले. मुंबईहून गेलेला एक हिरो तिथल्या गुलाम मजुरांचा तारणहार होतो. ते मजूर कोण, त्यांची जात कोणती, हे मात्र सिनेमा विचारत नाही. पा. रंजित यांनी २०२४ मध्ये 'तंगलान' काढून एका परैयर कुटुंबाला कथेच्या मध्यभागी आणलं, तेव्हा कुठे हा प्रश्न पडद्यावर आला. आम्ही तोच प्रश्न इतिहासाला विचारतो आहोत.

पुस्तकी इतिहासात कोलारचे पायोनिअर दोनच. खाणीचा परवाना मिळवणारा लॅव्हेल हा निवृत्त सैनिक आणि १८८०च्या सुमारास भांडवल घेऊन उतरलेली लंडनची जॉन टेलर अँड सन्स कंपनी. पण खडक फोडला कुणी? उत्तर अर्काट, सेलम, चित्तूर या भागांतून पायी आलेल्या कुटुंबांनी. त्यांत बहुसंख्य आदिद्रविड, म्हणजे ज्यांना गावाने परैयर म्हणून वेशीबाहेर ठेवलं होतं ते. आपल्याकडच्या महारांची गत आठवा: जमीन नाही, पिढीजात सालगडीपण, वर दुष्काळ. कंपनीचा मेस्त्री उचल द्यायचा आणि अख्खं कुटुंब निघायचं. सोन्याच्या लोभाने कोणी निघालं नव्हतं. गावच्या पाटीलकीपेक्षा खाणीतला अंधार परवडला, एवढाच तो हिशेब होता.

राहायला काय मिळालं? बांबूच्या तट्ट्यांची एका खोलीची झोपडी. साहेबांना टेकडीवर बंगले, क्लब, गोल्फचं मैदान. म्हणूनच या गावाला 'लिटल इंग्लंड' म्हणत. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली ती यंत्रांसाठी. बंगळूर शहराच्या रस्त्यांवर दिवे लागायच्या आधी कोलारच्या खाणीत वीज होती!

पुरुष खाली उतरायचे, बायका-पोरं जमिनीवरची कामं करायची. खाण खोल जात जात पुढे तीन किलोमीटरच्याही खाली गेली. तिथे खडक इतका तापलेला की हात लावता येऊ नये, आणि वरच्या दाबाने तो अचानक फुटायचा. त्या स्फोटात माणसं गाडली जायची. जे वाचत त्यांच्या छातीत धूळ साचे. १९४०च्या दशकातल्या तपासणीत ७,६५३ कामगारांपैकी ३,४०२ जणांना सिलिकोसिस निघाला, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. घरातला कर्ता चाळिशीत खोकत बसला की पोराला शाळेतून काढून खाणीत पाठवायचं, ही अनेक घरांची रीत झाली.

त्यात चोरीचा शिक्का. ज्याच्याजवळ सोन्याचा खडक सापडेल त्यानेच आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करावं, असा म्हैसूर संस्थानाचा कायदा. हजारो कुटुंबांना जन्मजात संशयित ठरवणारी ही व्यवस्था आम्हाला ओळखीची वाटते. गुन्हेगार जमातींचा कायदा याच काळातला. १९३० मध्ये कंपनीने बोटांच्या ठशांसह नोंदणी सक्तीची केली, तेव्हा हे कामगार सुमारे तीन आठवडे संपावर गेले. युनियन नव्हती, पुढारी नव्हता. १९४६ च्या संपात गोळीबार झाला आणि कामगारांचे बळी गेले.

इथवरची कहाणी हालाची आहे, आणि डाव्यांच्या लिखाणातही ती सापडते. तिच्यातून सुटतं ते असं. पंडित अयोतीदास यांनी १८९८ मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्याची शाखा कोलारच्या मारिकुप्पममध्ये उभी राहिली. खाणीतून वर आलेली माणसं तिथे बुद्धाबद्दल ऐकत, 'तमिळन' साप्ताहिक वाचून दाखवत. वाचता न येणारे ऐकून शिकत. पुढे १९२०च्या दशकात ते साप्ताहिक कोलारहूनच निघू लागलं. याच चळवळीतले पी. लक्ष्मी नरसू. त्यांच्या बौद्ध धम्मावरच्या ग्रंथाची नवी आवृत्ती १९४८ मध्ये निघाली आणि तिला प्रस्तावना लिहिली बाबासाहेबांनी. आपण १९५६ ची दीक्षाभूमी सांगतो, ते योग्यच. पण त्याआधी पन्नास वर्षं तट्ट्याच्या झोपडीतल्या खाणकामगाराने धम्माचा रस्ता धरला होता, हे नागपूरच्या पोरांना शिकवलं जात नाही. त्यांना 'बिचारे मजूर' म्हणून गहिवरणाऱ्यांशी आमचं भांडण इथेच आहे.

१९५६ मध्ये खाणी सरकारच्या ताब्यात आल्या. एकूण सुमारे ८०० टन सोनं निघाल्यावर २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. उरले ते सायनाइडच्या मातीचे डोंगर, ज्यांची धूळ वारा सुटला की घरात येते, आणि कामगारांच्या लाइनींतली कुटुंबं. त्यांची पोरं आज पहाटे मारिकुप्पमहून रेल्वेने बंगळूरला जातात, वॉचमन, हाउसकीपिंग, गारमेंट असल्या कामांना, आणि रात्री परत येतात.