सॉफ्टवेअर खुले, नाव मात्र राखीव!

संगणकाची आज्ञावली विनामूल्य, तिचा मूळ स्रोत सर्वांना खुला, तिच्यात फेरफार करण्याची आणि प्रती वाटण्याचीही मुभा. 'ओपन सोर्स' सॉफ्टवेअरची ही ओळख आता बहुतेकांना झाली आहे. मात्र ज्याचे सर्व काही खुले, त्याचे नावही खुलेच असणार, हा समज चुकीचा आहे. लिनक्स, फायरफॉक्स, वर्डप्रेस ही नावे नोंदणीकृत ट्रेडमार्क, म्हणजेच व्यापारचिन्हे आहेत. ती कोठे आणि कशी वापरावीत, याचे नियम ठरलेले आहेत. संकेतस्थळे बनवून देणारे लहान व्यावसायिक आणि संगणक प्रशिक्षण वर्ग यांनी तर ते जाणून घेणे गरजेचेच आहे.

परवाना वेगळा, ट्रेडमार्क वेगळा

ओपन सोर्सचा परवाना हा मुख्यतः कॉपीराइटचा परवाना असतो. आज्ञावलीची प्रत काढणे, ती बदलणे आणि वाटणे यांचे अधिकार त्यातून मिळतात. नावाचा आणि बोधचिन्हाचा अधिकार त्यात येत नाही. 'अपाचे' परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीतील सहाव्या कलमात हे स्पष्टच लिहिले आहे. सॉफ्टवेअर मूळचे कोणाचे, हे सांगण्यापुरता नावाचा रूढ वापर करता येतो. त्यापलीकडे परवानगी नाही. 'जीपीएल' परवान्याच्या २००७ सालच्या तिसऱ्या आवृत्तीतही ट्रेडमार्कचे अधिकार राखून ठेवणारी अट घालण्याची सोय आहे.

नाव राखून का ठेवायचे?

आज्ञावली सर्वांना वाटून टाकल्यावर प्रकल्पाकडे स्वतःचे म्हणून जे उरते, ते नाव. त्या नावावरच वापरणाऱ्याचा विश्वास असतो. 'व्हीएलसी' हे चित्रफिती पाहण्याचे लोकप्रिय सॉफ्टवेअर. त्यात जाहिरातींची उपद्रवी आज्ञावली मिसळून ते त्याच नावाने वाटणाऱ्या कंपन्यांविरुद्ध 'व्हिडिओलॅन' या मूळ प्रकल्पाने २०११ मध्ये जाहीर तक्रार केली होती. अशा वेळी आज्ञावलीत बदल केला, एवढ्यावरून कोणाला रोखता येत नाही, कारण परवान्यानेच तशी मुभा दिलेली असते. बदललेला माल मूळ नावाने खपवण्यास मात्र ट्रेडमार्कचा कायदा आडवा येतो.

नोंदणीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा अनुभव लिनक्सने घेतला आहे. लायनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जगापुढे आणले, पण अमेरिकेत या नावाची नोंदणी केली ती त्यांच्याशी संबंध नसलेल्या एका गृहस्थाने आणि नंतर लिनक्सच्या व्यावसायिकांकडे पैशांची मागणीही केली. न्यायालयीन वादानंतर १९९७ मध्ये तडजोड होऊन नाव टॉरवाल्ड्स यांच्याकडे आले. आज आपल्या उत्पादनाच्या नावात 'लिनक्स' हा शब्द व्यापारचिन्ह म्हणून वापरायचा असल्यास लिनक्स फाउंडेशनकडून उपपरवाना घ्यावा लागतो. त्याला शुल्क नाही.

फायरफॉक्सचा 'आइसवीझल'

या विषयातील सर्वांत गाजलेले प्रकरण फायरफॉक्स आणि डेबियन यांचे. मुळात फायरफॉक्सलाच नावाचा फटका दोनदा बसला होता. २००२ मध्ये या ब्राउझरचे नाव 'फीनिक्स' होते. ट्रेडमार्कच्या वादामुळे ते 'फायरबर्ड' झाले. त्याच नावाचा एक डेटाबेस प्रकल्प आधीपासून असल्याने फेब्रुवारी २००४ मध्ये 'फायरफॉक्स' हे नाव घेण्यात आले.

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्सची वितरणप्रणाली. ती आपल्या स्थिर आवृत्तीत जुनेच सॉफ्टवेअर ठेवून त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतः करते. फायरफॉक्सचे बोधचिन्ह मुक्त परवान्याखाली नसल्याने डेबियनने ते वगळले होते. २००६ मध्ये मोझिलाने हरकत घेतली. नाव हवे तर बोधचिन्हही घ्या आणि केलेले बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या, अशी तिची भूमिका होती. डेबियनला ते मान्य नव्हते. डेबियनने आज्ञावली ठेवली, नाव बदलले. फायरफॉक्सचा 'आइसवीझल' आणि थंडरबर्डचा 'आइसडव्ह' झाला. सुमारे दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, समेट होऊन फायरफॉक्स आपल्या नावाने डेबियनमध्ये परतला. दोन्ही संस्था मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्या; तरीही नावाचा प्रश्न सुटायला दशक लागले.

भारतातील कायदा

आपल्याकडे १९९९ चा ट्रेडमार्क कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. ट्रेडमार्क नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. कलम २९ नुसार दुसऱ्याचे नोंदणीकृत चिन्ह त्याच प्रकारच्या मालासाठी वा सेवेसाठी आपल्या व्यवसायाच्या नावात घालणे हा हक्कभंग ठरतो. कलम ३० मात्र प्रामाणिक वापराला संरक्षण देते. एखादी वस्तू वा सेवा मूळ मालकाची आहे, हे दाखवण्यासाठी चिन्हाचा उल्लेख करता येतो. अट अशी की, त्यातून गैरफायदा घेतला जाऊ नये आणि चिन्हाच्या लौकिकाला बाधा येऊ नये. नोंदणी नसलेल्या नावालाही 'पासिंग ऑफ'च्या, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धच्या दाव्याचा आधार असतो.

काय करावे, काय टाळावे?

* 'आम्ही वर्डप्रेसवर संकेतस्थळे बनवून देतो' असे वर्णन चालते. संकेतस्थळाच्या मुख्य पत्त्यातच 'वर्डप्रेस' हा शब्द घालण्यास मात्र वर्डप्रेस फाउंडेशनची मनाई आहे.
* जोड-सॉफ्टवेअर तयार केल्यास आपले नाव आधी द्यावे आणि ते अमुक प्रकल्पासाठी आहे, असे नंतर म्हणावे. प्रकल्पाचे नाव पुढे आले की ते अधिकृत असल्याचा भास होतो.
* बोधचिन्हाचे नियम नावापेक्षा कडक असतात. त्याचा रंग वा आकार परस्पर बदलू नये.
* मूळ सॉफ्टवेअरमध्ये बदल करून वाटायचे असेल, तर नवे नाव घेणे सर्वांत सुरक्षित. मोझिलाच्या नियमांनुसार फायरफॉक्सची मूळ प्रत न बदलता आणि पैसे न घेता वाटता येते. बदललेल्या प्रतीला ते नाव लावण्यासाठी लेखी परवानगी लागते.
* ट्रेडमार्क कोणाचा, हे तळटीपेत नमूद करावे. आपला प्रकल्पाशी अधिकृत संबंध नसल्यास तेही सांगावे.
* प्रत्येक प्रकल्पाचे धोरण वेगळे असते. ते वाचावे आणि शंका असल्यास आधी विचारावे.

नाव बदलले तरी काम चालते

नाव सोडावे लागले म्हणून काम थांबत नाही. ओपनऑफिसमधून बाहेर पडलेल्यांनी २०१० मध्ये 'लिबरऑफिस' उभे केले. 'हडसन' या नावावर ओरॅकलने हक्क सांगितल्यावर २०११ मध्ये त्याचे विकसक 'जेन्किन्स' या नावाने पुढे गेले. ॲमेझॉनने इलॅस्टिकसर्चपासून फुटून काढलेला प्रकल्प २०२१ पासून 'ओपनसर्च' म्हणून ओळखला जातो. आज्ञावली घेऊन नवी वाट धरण्याचे स्वातंत्र्य ओपन सोर्सने दिलेलेच आहे. पण जुन्या नावाने कमावलेला विश्वास आज्ञावलीबरोबर मिळत नाही. तो नव्या नावाला स्वतःच्या कामातून मिळवावा लागतो.