पीएचडीची मुलाखत: ३० टक्के गुणांची तयारी कशी करायची?

नेट झाली, पेट झाली, आता फक्त मुलाखत राहिली, असं म्हणून अनेक जण निर्धास्त होतात. पण यादीतलं नाव याच टप्प्यावर वर-खाली होऊ शकतं.

गुणांचं गणित काय आहे?
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीनुसार विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांश असतो. २०२४पासून नेटच्या गुणांवर प्रवेश घेणाऱ्यांसाठीही हेच प्रमाण आहे. जेआरएफ मिळालेल्यांचा प्रवेश मुलाखतीवरच ठरतो.

समजा, लेखी परीक्षेत एकाला १००पैकी ७० आणि दुसऱ्याला ६० गुण मिळाले. भारांश लावल्यावर ते ४९ आणि ४२ होतात. मुलाखतीत दुसऱ्याने ८ गुण जास्त मिळवले, की तो पुढे जातो.

पॅनेल काय बघतं?
आयोगाच्या २०१६च्या नियमावलीत तीन कसोट्या दिल्या होत्या. हे संशोधन करण्याची उमेदवाराची क्षमता आहे का? ते त्या संस्थेत नीट होऊ शकतं का? त्यातून ज्ञानात नवी भर पडेल का? तयारीही याच तीन प्रश्नांभोवती करा.

तयारी कशी कराल?

विषय नेमका करा: 'महाराष्ट्रातील ऊसतोड कामगार' हा फार मोठा विषय झाला. 'आईवडील ऊसतोडीला गेल्यावर बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मागे राहिलेल्या मुलींच्या शाळेचं काय होतं?' हा संशोधनाचा प्रश्न आहे. माहिती कुणाकडून, कशी आणि किती काळात गोळा करणार, हे इथे सांगता येतं.

आधीचं काम वाचा: 'शोधगंगा' या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतले प्रबंध मोफत वाचता येतात. तुमच्या विषयाजवळचे चार-पाच चाळा. त्यात काय राहून गेलं, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

गाइडची चौकशी करा: प्राध्यापकांना एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकांना ६ आणि सहायक प्राध्यापकांना ४ विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करता येतं. तुमच्या विषयातल्या गाइडकडे जागा आहे का, हे आधीच विचारा.

भाषेचं विचारून ठेवा: मराठीत उत्तरं दिली तर चालतील का, हे विभागात फोन करून विचारा. चालत नसेल, तर निदान आपला विषय इंग्रजीत मांडायचा सराव करा.

एखादं उत्तर आलं नाही, तर 'हे मी वाचलेलं नाही' असं सरळ सांगा. थाप मारलीत, तर पुढचा प्रश्न त्या थापेवरच येऊ शकतो.

आदल्या दिवशी घरातल्या कुणालाही तुमचा विषय दोन मिनिटांत समजावून सांगा. त्यांना तो कळला नाही, तर मांडणी अजून सोपी करा.