अख्खं गावच वेशीबाहेर

दर डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरतं. मोर्चे निघतात, अडवले जातात, निवेदनं दिली जातात. त्या दिवसांत कधी ना कधी मेळघाटचं नाव निघतंच. इतकी बालकं दगावली, इतकी कुपोषित. विरोधक ओरडतात, मंत्री आकडा दुरुस्त करतात. अधिवेशन संपतं न् गाड्या मुंबईला जातात.

आणि सगळेच एक शब्द वापरतात – 'दुर्गम'. जणू डोंगरानेच पोरं मारली!

दोस्तहो, या शब्दाची जरा झडती घेऊ. आपल्यालाही एकेकाळी असाच एक शब्द चिकटवला होता. तोही निसर्गाचा नियम म्हणूनच सांगितला जात होता. त्यामागे माणसं असतात, कायदे असतात, कोणाचा तरी फायदा असतो, हे बाबासाहेबांनी शिकवलं. मग 'दुर्गम'च्या मागे कोण आहे?

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. सातपुड्याची गाविलगड रांग. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. तिथे कॉफी पिकते, शहरातले लोक थंड हवा खायला जातात. त्याच डोंगरात तीनशेच्या वर गावं, बहुतेक कोरकूंची. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' लावलं की अनेकवचन. कोरकू म्हणजे नुसतीच – माणसं. भाषा मुंडा कुळातली, संथालीच्या गोतातली; मराठीशी तिचं नातं नाही, गोंडीशीही नाही. पोरगं शाळेत जातं, मास्तर मराठीत बोलतो, पोरगं त्याच्या तोंडाकडे पाहत बसतं. मग ठरतं, याला डोकंच नाही.

गावात घरांच्या दोन ओळी समोरासमोर, मधे रुंद रस्ता. सागाचे खांब, बांबूचे तट्टे, त्यावर शेणामातीचा लेप, वर कवेलू. उतारावरच्या पातळ मातीत कुटकी, सावा, कोदो, मका. होळी हा मोठा सण. नाचतात, फगवा मागतात. मग मोहफूल वेचणं, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. आणि दिवाळी सरली, होळी सरली की अर्ध्या घरांना कडी. मुकादमाची उचल घेऊन माणसं खाली वऱ्हाडात उतरतात – हरभरा-गहू काढायला, वीटभट्टीवर. लेकरं पाठीवर.

पावसात सिपना, खंडू, खापरा भरून वाहतात न् वाटा तुटतात. घरातलं धान्य तेव्हाच संपलेलं, नवं पीक अजून हिरवं. आषाढ, श्रावण, भादवा हे भुकेचे महिने. माय दिवसभर निंदणाला, तान्हं थोरल्या बहिणीच्या कडेवर. त्यातच हगवण, मलेरिया, निमोनिया. पोट फुगलं तर तापल्या लोखंडाचे डाग, त्याला म्हणतात डंबा. शहरातला माणूस हे ऐकून कपाळावर हात मारतो. अंधश्रद्धा आहेच, बाप्पा! पण भूमका गावात राहतो न् डॉक्टर राहत नाही, हेही त्याच दमात म्हणा की. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला जाऊन राहिले. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. राहणाऱ्याला पद्मश्री द्यावी लागते, इतकं तिथे राहणं दुर्मीळ!

हे पहिलेपासून असंच होतं काय? सुबत्ता नव्हती, पण जंगल हातात होतं. झाडं तोडायची, जाळायची, राखेत बी टाकायचं, दोन-तीन वर्षांनी जागा सोडून द्यायची. याला म्हणत दह्या. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड जिंकला. ती राजांची लढाई. कोरकूची लढाई नंतर कागदावर झाली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. सागाला भाव आला. त्याच दशकात मेळघाटचं जंगल राखीव व्हायला लागलं. पुढच्या वनकायद्यांनी पकड आवळली न् ती पक्की केली. दह्या बंद. काल जे बापजाद्यांचं होतं, ते आज तोडलं तर चोरी.

पण लाकूड तोडायला, रस्ते करायला, वणवा विझवायला साहेबाला माणूस तर पाहिजे. म्हणून वनग्राम काढली. तुकडा कसायला द्यायचा, मालकी द्यायची नाही, बदल्यात खात्याच्या कामाला हजर राहायचं. ओळख पटते का? ही आपली महारकीच! महार वतनाविरुद्ध बाबासाहेब १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बिल घेऊन उभे राहिले. डोंगरावरच्या या वतनाला तर नावसुद्धा नव्हतं.

आपलं घर गावाच्या वेशीबाहेर. कोरकूचं अख्खं गावच कायद्याच्या वेशीबाहेर. १९३५ च्या कायद्याखाली मेळघाट 'अंशतः वगळलेला' प्रदेश ठरला. सरकारचाच शब्द आहे – वगळलेला.

आता थोडं आपल्याकडेही पाहू. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय झाला. १९४४ मध्ये याच नागपुरात ग्रिगसन साहेबाचा मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या आदिवासींवरचा अहवाल छापला गेला. गेलेल्या जमिनी, कर्ज, वेठ, सगळं त्यात आहे. एकाच शहरात, दोन वर्षांच्या अंतराने! तरी दोन्ही दुःखांची गाठ पडली नाही. १९४५ च्या मुंबईच्या भाषणात बाबासाहेबांनीही आदिवासींना आपल्या योजनेबाहेर ठेवलं. त्यांच्यात राजकीय जाणीव अजून तयार झालेली नाही, असं त्यांचं म्हणणं. हे झाकून ठेवू नये. बाबासाहेबांना देव करणाऱ्याला ते झाकावं लागतं, आपल्याला नाही. पुढे त्यांच्याच हातून गेलेल्या घटनेत पाचवी अनुसूची आली, आणि घटना समितीत जयपालसिंग मुंडांनी आदिवासींचा आवाज स्वतःच उठवला. जाणीव होती. ऐकणारे कमी होते.

स्वातंत्र्यानंतर काय? विदर्भातला कोरकू ठरावीक तालुक्यांतच अनुसूचित जमातीचा. डोंगर उतरला की त्याचं आदिवासीपण संपलं. ही क्षेत्रबंधनाची अट जायला १९७६ उजाडलं. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाचलाच पाहिजे. पण त्याच्यासाठी गावं उठवायची न् शहरातल्यांसाठी रिसॉर्ट उभे राहायचे, हा कोणता न्याय? १९९३ मध्ये बालमृत्यूंची बातमी देशभर गेली, मामला हायकोर्टात गेला. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. २०१६ मध्ये हरिसाल 'डिजिटल गाव' म्हणून गाजलं. योजना येत राहिल्या. जंगल मात्र परत आलं नाही.

ते परत मागायचा कागद २००६ चा आहे – वनहक्क कायदा. दावा ग्रामसभेपुढे करायचा. कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे. पायविहीर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने उजाड टेकडीवर झाडं जगवली, सीताफळं स्वतः विकली. डोंगर तोच, पाऊस तोच. मालकी बदलली.

पण डोळे उघडे ठेवून जा. जात डोंगरावरही चढते. निहाल सरकारी यादीत कोरकूंच्याच नोंदीत आहेत, पण रसेल-हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही ते कोरकूंच्या गावचे चाकर म्हणूनच दिसतात. बलाही तर दलितच. त्यांचं नाव जमातीच्या यादीत नाही, म्हणून या कायद्याखाली त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. तो कोण गोळा करणार?

आपण, दोस्तहो. दिवाळीला जुने कपडे वाटून फोटो काढायला जाऊ नका. पावसाळ्यात जा, अर्जांचे कोरे नमुने घेऊन जा. म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून घ्या, कायद्यात ते पुरावा म्हणून चालतं. जुनी विहीर, देवाची जागा, पुरण्याची जागा, हेही चालतं. कोरकू आपल्या मेलेल्यांच्या नावाने सागाचे कोरीव खांब उभे करतात. सागाला चोरीचा माल ठरवणाऱ्या कायद्याला उत्तर द्यायला ते खांब अजून उभे आहेत.

जा, मोजून या.

जय भीम!