जंतू, जंत आणि जिवाणू

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतील विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले आणि नववीच्या सहामाहीचे पेपर तपासण्याचे काम माझ्याकडे आले. मी इतिहासाचा एम. ए.; परंतु मुख्याध्यापकाला सारेच विषय येतात, असा एक समज असतो आणि तो मुख्याध्यापकालाही सुखावतो! प्रश्न हिंदीत होता : 'जंतु कोशिका का नामांकित चित्र बनाइए.' एका मुलाने काठीसारखी लांबट आकृती काढली होती. बाहेर जाड भिंत, आत दोऱ्याचा गुंता, टोकाला शेपटी. नमुना-उत्तरात तर गोलसर आकृती आणि मधोमध ठळक केंद्रक होते. मी लाल शाईने शून्य दिले.

दुसऱ्या दिवशी पोरगा पेपर घेऊन समोर उभा. म्हणाला, "सर, जंतूचंच तं चित्र काढलं. माय रोज म्हणते, हात धू, जंतू असतात."

मी गप्प झालो. हिंदी पुस्तकातला 'जंतु' म्हणजे प्राणी आणि 'जंतु कोशिका' म्हणजे प्राण्याची पेशी. त्याच्या घरातला 'जंतू' मात्र डोळ्यांना न दिसणारा रोगाचा सूक्ष्मजीव. त्याने जिवाणूची पेशी काढली होती, आणि ती अगदी बिनचूक काढली होती.

पांढुर्णा आणि सौंसर ही गावे 1 नोव्हेंबर 1956 पासून नव्या मध्य प्रदेशात आहेत. 2023 साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरी मराठी आणि पुस्तकात हिंदी, हे आमच्या तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडले आहे. दोन्ही भाषा एकाच लिपीत लिहिल्या जातात, शब्दही पुष्कळसे एकाच संस्कृत घरातले. म्हणूनच फसगत अधिक. मराठीतली 'पेशी' हिंदीत 'कोशिका' होते, आणि हिंदीतली 'पेशी' म्हणजे स्नायू, नाहीतर कोर्टातली तारीख! मराठीत 'जिवाणू' लिहायचे, हिंदीत 'जीवाणु'; ऱ्हस्व-दीर्घाची अशी अदलाबदल की दोन्हीकडचे गुण जावेत. भरीला घरात 'जंत' आहेतच. ते पोटातले, डोळ्यांना दिसणारे. त्यांचे औषध एकदा घेतले की मोकळे.

त्या मुलाने पाच मिनिटांत काढलेली आकृती काढता यायला माणसाला किती काळ लागला, ते पाहण्यासारखे आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक हा स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्याचे थेंब पाहत असे. 1676 साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला या इवल्या जिवांविषयी कळवले आणि 1683 मध्ये दातांवरील किटणात दिसलेल्या काठ्यांची, मण्यांची वर्णने पाठवली. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे ही एक गंमतच राहिली. 1872 साली जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन याने आकारावरून त्यांची व्यवस्थित वर्गवारी केली. त्याच वाटेने आजही शाळेत गोल ते गोलाणू, काठीसारखे ते दंडाणू आणि वळणदार ते सर्पिल, असे शिकवतात.

त्यानंतरचे नाव रॉबर्ट कॉख यांचे. ते एका लहानशा गावचे सरकारी डॉक्टर होते. 1876 साली त्यांनी गुराढोरांच्या ज्या रोगाचा छडा लावला, तो आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. आपण त्याला 'फाशी' म्हणतो. फाशीचा दंडाणू संकट आले की स्वतःभोवती कठीण कवच घेऊन बीजाणू बनतो आणि मातीत वर्षानुवर्षे पडून राहतो. फाशीने मेलेले जनावर उघड्यावर फाडू नये, खोल पुरून वर चुना टाकावा, असे जे सांगतात त्याचे कारण हे कवचच. पुढे 1884 साली कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जिवाणू ओळखला. तो स्वल्पविरामासारखा वाकडा, एका शेपटीने पाण्यात सरसर पोहणारा. पटकी पाण्यातून का पसरते, हे त्या देहावरूनही समजते.

या दोन शोधांच्या मधला, 24 मार्च 1882 या दिवशी बर्लिनमध्ये जाहीर केलेला त्यांचा शोध क्षयाच्या जिवाणूचा. तो सरळ किंवा किंचित वाकलेला दंडाणू. लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-चौपट. त्याला शेपटी नाही, बीजाणूही होत नाहीत. परंतु त्याच्या भिंतीत मेणासारख्या पदार्थाचा जाड थर असतो. त्यामुळे साधा रंग त्याच्यात शिरत नाही. आणि एकदा गरम रंग मुरला की आम्लाने धुतले तरी सुटत नाही. थुंकीच्या तपासणीत निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्या दिसतात, त्या या मेणामुळेच.

या शोधाच्या दुसऱ्याच वर्षी, 1883 मध्ये, आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. 1886 साली फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे क्षयाने निधन झाले. वय अवघे एकवीस. रोगाचे कारण तेव्हा जगाला ठाऊक झाले होते. मेणाच्या भिंतीपलीकडे पोचणारे औषध मात्र कोणापाशीच नव्हते.

ते औषध सापडायला जिवाणूच्या आत डोकवावे लागले. जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा संसार. प्राण्याच्या पेशीत केंद्रकाची वेगळी खोली असते. इथे तशी खोली नाही, डीएनएचा धागा पेशीरसात तसाच गुंडाळलेला. ऊर्जेसाठी वेगळे तंतुकणिकांचे कारखाने नाहीत. ते काम भिंतीच्या आतले पातळ पटलच करते. प्रथिने घडवायला रायबोसोम आहेत, पण आपल्या पेशीतल्यापेक्षा लहान आणि वेगळ्या घडणीचे. हा वेगळेपणाच वैद्यांच्या कामी आला, कारण त्यावर नेम धरला तर रोगी वाचतो आणि जिवाणू मरतो. 1928 साली फ्लेमिंग यांना सापडलेले पेनिसिलिन भिंतीचे बांधकाम मोडते. आपल्या पेशींना तशी भिंतच नाही. 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला सरकारी कारखाना स्थापन झाला तो पेनिसिलिन देशातच तयार व्हावे म्हणून. क्षयावर मात्र पेनिसिलिन चालले नाही. त्यावर 1943 साली अमेरिकेत मिळालेले स्ट्रेप्टोमायसिन चालले. ते रायबोसोमवर घाव घालते. 1952 पासून वापरात आलेले आयसोनियाझिड तर त्या मेणाचे घडणेच बंद पाडते. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनी!

आता घरचे सांगतो. माझे एक चुलते शेती करीत. मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्यांना क्षय झाला. उपचार त्या काळी वर्ष-दीड वर्षाचा; इंजेक्शने आणि गोळ्या. दोन-अडीच महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आले. संत्र्याचा बहर तोडणीला आला होता. काकांनी दवाखाना सोडला. आजीने विचारले तेव्हा म्हणाले, "जंत मेले ना आता. बरं वाटते, तं मंग काहून टोचून घ्यायचं?" पुढल्या वर्षी आजार परतला, आणि त्या खेपेला औषध लागू पडले नाही. त्यांची खाट अंगणातल्या कडुनिंबाखाली असे, ती एक दिवस रिकामी दिसली.

काका हट्टी नव्हते. त्यांना जंताचे औषध ठाऊक होते. त्याच मापाने त्यांनी हे औषध मोजले. दही लावणारा जिवाणू पोषक जागी अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतो. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस घेतो. काही जिवाणू तर फुप्फुसातल्या गाठींत निपचित पडून राहतात. औषधे मुख्यतः वाढत्या जिवाणूला मारतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत पुष्कळ मरतात आणि माणसाला बरे वाटते, पण झोपलेले उरतात. औषध सोडले की ते उठतात. आणि त्यांत औषधाला दाद न देणारे असले तर तेच वाढतात. एवढी गोष्ट काकांना त्यांच्या बोलीत कोणी समजावली असती, तर त्यांना खचित कळली असती. कोणते बी लवकर उगवते आणि कोणते जमिनीत दबून राहते, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळत होते. मी तेव्हा लहान होतो. घरात शिकलेली माणसे होती, पण त्यांचे शिकणे हिंदीत झाले होते आणि काकांशी बोलणे मराठीत.

आता नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा झाला आहे आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. तरीही तिसऱ्या महिन्यात "आता बरं वाटते" म्हणणारे पालक मला भेटतात. त्यांना मी खुर्चीवर बसवतो आणि त्या मुलाची आकृती कागदावर काढून दाखवतो. मेणाचा थर जरा जाडच काढतो.

त्या मुलाचे शून्य मी त्याच दिवशी खोडले. नियमाने पूर्ण गुण देता येईनात, कारण प्रश्न प्राण्याच्या पेशीचा होता. निम्मे दिले आणि समजावून सांगितले. त्यानंतर प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक तक्ता लावला : एका बाजूस हिंदी शब्द, दुसऱ्या बाजूस मराठी, आणि खाली जंत, जंतू, जिवाणू यांची तीन वेगळी चित्रे. त्यातले जिवाणूचे चित्र त्याच मुलाकडून काढून घेतले.