जी. एन. जोशी

गोविंदराव नारायण जोशी तथा जी. एन. जोशी (जन्म : खामगाव, ६ एप्रिल १९०९, मृत्यू : २२ सप्टेंबर १९९४) हे मराठी भावगीत गायक, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणतज्ज्ञ होते. हिज मास्टर्स व्हॉइस (एचएमव्ही) या कंपनीत राहून त्यांनी अनेक श्रेष्ठ हिंदुस्थानी कलावंतांचे गायन-वादन ध्वनिमुद्रित करून घेतले.

जोशी कायद्याचे पदवीधर होते. नागपुरात त्यांनी काही काळ वकिली केली. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ' या कवितेला त्यांनी स्वतः चाल लावली. १९३२ च्या सुमारास निघालेली तिची ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचली आणि नाट्यपदांना सरावलेल्या श्रोत्यांना नाटकाबाहेरची कविता गाण्यातून ऐकण्याची गोडी लागली. त्यांना 'पहिले भावगीत गायक' म्हणतात. जे. एल. रानडे यांच्यासारख्या समकालीनांमुळे या विशेषणावर वाद होऊ शकतो. गीतप्रकार रुजवण्यातला त्यांचा वाटा मात्र निर्विवाद आहे. गंगूबाई हनगल 'गांधारी हनगल' या नावाने गात असत, त्या काळात जोशी यांनी त्यांच्याबरोबर द्वंद्वगीतेही गायली.

ध्वनिमुद्रणाचे कार्य

१९३८ मध्ये ते एचएमव्हीत रुजू झाले. तेव्हा रेडिओवरील बहुतेक गाणे थेट प्रक्षेपित होई आणि हवेतच विरून जाई; टिके ते तबकडीवरचे. पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला ही मर्यादा जाचक वाटणे स्वाभाविक होते. काहींना यंत्रासमोर गाणेच रुचत नसे. अशा कलावंतांचे मन वळवणे, त्यांचा मूड सांभाळणे आणि गाणे रंगले की नेमके ते टिपणे, हे जोशी यांचे खरे काम. स्वतः गायक असल्यामुळे ते त्यांना साधले.

दीर्घवादन ध्वनिमुद्रिका (एलपी) आल्यावर एका बाजूस सुमारे वीस मिनिटे मिळू लागली. उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी या रागांची १९६० मधील ध्वनिमुद्रिका याच काळातली. विलंबित लयीत संथपणे उलगडत जाणारी त्यांची गायकी जुन्या तबकडीवर मावणे अशक्यच होते. १९७४ मध्ये अपघाती निधन झालेल्या या गायकाच्या हयातीत निघालेल्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच आहेत. त्यामुळे हा मारवा अभ्यासकांना आजही आधारभूत वाटतो.

शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) आणि ब्रिजभूषण काबरा (गिटार) यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) ही जोशी यांचीच निर्मिती. काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस प्रहरांच्या रागांतून मांडणाऱ्या या ध्वनिमुद्रिकेचे परदेशातही मोठे स्वागत झाले.

लेखन

'स्वरगंगेच्या तीरी' या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी कलावंतांचे स्वभाव, हट्ट आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळचे प्रसंग नोंदवले आहेत. 'डाउन मेलडी लेन' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९८४ मध्ये प्रकाशित झाले.