ज्युलिया (व्यक्तिनाव)

ज्युलिया (लॅटिन उच्चार: यूलिया) हे लॅटिन भाषेतून आलेले स्त्रीचे व्यक्तिनाव आहे. ज्युलियस या प्राचीन रोमन कुलनामाचे ते स्त्रीलिंगी रूप असून 'ज्युलियस कुळातील स्त्री' हा त्याचा मूळ अर्थ होय.

व्युत्पत्ती

ज्युलियस या कुलनामाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. ते रोमन देव ज्युपिटर याच्या नावाशी संबंधित असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. स्वतः हे कुळ ट्रॉयचा वीर ईनिअस याचा पुत्र यूलुस याला आपला मूळपुरुष मानत असे. व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्यातही हीच परंपरा आढळते. नामसंग्रहांत दिला जाणारा 'तरुण' हा अर्थ 'कोवळी दाढी' अशा अर्थाच्या एका ग्रीक शब्दाशी जोडलेला आहे. ही व्युत्पत्ती संदिग्ध समजली जाते.

रोमन नामपद्धतीतील स्थान

रोमन पुरुषाच्या नावात व्यक्तिनाव, कुलनाम आणि उपनाम असे घटक असत. उदाहरणार्थ, गायस ज्युलियस सीझर. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात स्त्रियांना मात्र बहुधा स्वतंत्र व्यक्तिनाव नसे. पित्याच्या कुलनामाचे स्त्रीलिंगी रूप हेच मुलीचे नाव ठरे आणि विवाहानंतरही ते कायम राही. त्यामुळे सीझरची आत्या, दोन्ही बहिणी व कन्या या सर्वांचे नाव ज्युलियाच होते. बहिणींचा वेगळा उल्लेख करण्यासाठी 'मायोर' (थोरली) व 'मिनोर' (धाकटी) ही विशेषणे लावली जात. अशा स्त्रियांची ओळख इतिहासग्रंथांत पिता, पती किंवा पुत्र यांच्या आधारेच पटवावी लागते. आज व्यक्तीची स्वतंत्र ओळख असलेले हे नाव मुळात केवळ कुळाची खूण होते.

प्रसार व रूपे

बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्रात रोममधील एका ख्रिस्ती स्त्रीचा ज्युलिया या नावाने उल्लेख आहे. इटालियनमध्ये जूलिया, फ्रेंचमध्ये झ्युली व रशियनमध्ये यूलिया ही रूपे रूढ आहेत. ज्युलिएट हे नाव जूलिएत्ता या इटालियन लघुत्वदर्शक रूपाशी निगडित आहे. जुलै महिन्याचे नाव ज्युलियस सीझरवरून पडलेले असल्याने त्याचाही उगम याच कुलनामात आहे.

उल्लेखनीय व्यक्ती

• ज्युलिया (मृत्यू इ.स.पू. ५४) – सीझरची कन्या, पाँपीची पत्नी
• ज्युलिया (इ.स.पू. ३९ – इ.स. १४) – सम्राट ऑगस्टसची कन्या, इ.स.पू. २ मध्ये पित्याकडूनच हद्दपार
• ज्युलिया डोम्ना – रोमन सम्राज्ञी, सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी
• ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन (१८१५–१८७९) – कोलकात्यात जन्मलेल्या ब्रिटिश छायाचित्रकार