कंपनी चाकणला चाललीय, तुम्ही जाणार का?

समजा, सोमवारी सकाळी एचआरचा मेल येतो: 'पुढच्या वर्षीपासून आपलं ऑफिस चाकणला.' खाली नव्या कँटीनचे फोटो आणि एक वाक्य: नव्या जागेमुळे चांगली माणसं मिळतील आणि टिकतील. तुम्ही फोटो सोडून आधी मॅप उघडता. घरापासून किती वेळ लागेल?

हा प्रश्न आपल्या पट्ट्यात सत्तर वर्षं जुना आहे. आधीच्या लोकांनी तो कसा सोडवला, ते आज बघूया.

सुरुवात पिंपरीपासून. 1954 साली इथं हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. सरकारी क्षेत्रातला हा देशातला पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती, आणि काम होतं पेनिसिलिन बनवायचं. तेव्हाची पिंपरी म्हणजे मुंबई-पुणे रस्ता, रेल्वे आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प. शहरातला शिकलेला केमिस्ट अशा ठिकाणी बायकोमुलांना घेऊन कशाला येईल? त्यात पेनिसिलिनच्या टाक्या रात्रंदिवस चालणाऱ्या, म्हणजे माणसं हाकेच्या अंतरावर हवीत. मग कारखान्याबरोबर कॉलनीही उभी राहिली. एच. ए. कॉलनी हे नाव आजही कुठल्याही रिक्षावाल्याला माहीत आहे.

साठच्या दशकात आकुर्डीत बजाजचा कारखाना आला. राहुल बजाज हार्वर्डमध्ये शिकून आलेले, घराणं उद्योगपतींचं. मुंबईत किंवा पुण्यात बंगल्यात राहून ते गाडीनं ये-जा करू शकले असते. ते कुटुंबासह कारखान्याच्या कॉलनीत राहायला आले. मुलं तिथंच वाढली. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण साहेब ज्या गावात राहतो तिथल्या पाण्याची, शाळेची आणि रस्त्याची अडचण त्याच्याही घरात येते.

टेल्कोनं वेगळा मार्ग धरला. जमशेदपूरची ही कंपनी 1966 च्या सुमारास पुण्याकडे आली. सुमंत मुळगावकरांनी आधी प्रशिक्षणावर भर दिला. कोवळ्या पोरांना अप्रेंटिस म्हणून घ्यायचं आणि कारागीर इथंच घडवायचे. टेल्कोच्या बस तर पुण्याच्या पेठांपर्यंत ओळखीच्या झाल्या.

पण सगळ्यांनाच कॉलनी बांधणं परवडत नाही. भोसरीच्या एमआयडीसीतल्या छोट्या शेडवाल्यानं काय करायचं? तिथं सरकार आलं. 1972 मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, म्हणजे आपलं निगडीचं 'प्राधिकरण'. कामगारांना नियोजनबद्ध घरं मिळावीत हा हेतू. 1978 मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली.

आता जरा थांबून हिशेब करू. घर आणि कामामधलं अंतर या सगळ्या काळात होतंच, पण त्याचा भार दुसरं कुणीतरी उचलत होतं. कधी कंपनी, कधी सरकार.

मग चाकण आलं. 1999 मध्ये बजाजचा तिथला कारखाना सुरू झाला. मर्सिडीज-बेंझ आधी पिंपरीत टेल्कोच्याच आवारात गाड्या जोडत होती, ती 2009 मध्ये चाकणला स्वतःच्या जागेत गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचाही कारखाना सुरू झाला. मोठी सलग जमीन, शेजारी सुटे भाग बनवणारे, बाजूनं नाशिक हायवे. मशिनसाठी जागा उत्तम. माणसांसाठी मात्र रेल्वे नाही, आणि सगळा भार एका हायवेवर. मोशीपासून तळेगाव चौकापर्यंतचं ट्रॅफिक मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणजे अंतर कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडलं. पगाराच्या स्लिपवर ते दिसत नाही, पण रोजचे दोन-तीन तास त्यात जातात.

इथं बजाजचं उदाहरण पुन्हा बघा. 2007 मध्ये आकुर्डीचं उत्पादन बंद झालं. यंत्रांचं काम दुसऱ्या कारखान्यांत गेलं, कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. मुख्य ऑफिस आणि संशोधन विभाग मात्र आकुर्डीतच राहिला. कंपनीची गणितं कंपनीला ठाऊक. पण यातून एक दिसतं: सगळं एकत्र हलवायलाच हवं असं नाही. कुठलं काम जागा बदलू शकतं आणि कुठल्या कामाची माणसं एका गावात रुजलीत, हे वेगवेगळं मोजता येतं.

माझं म्हणणं एवढंच, की ऑफिस हलवलं की माणसांचा साठा वाढत नाही, तो बदलतो. चाकणला गेलात तर राजगुरुनगर, आळंदी, तळेगावची मुलं-मुली जवळ येतील. कोथरूड-हडपसरची लांब जातील. सगळ्यात आधी कोण सोडेल? जिचा नवरा दुसऱ्या टोकाला नोकरी करतो आणि जिला सहाला पाळणाघर गाठायचंय, ती. बहुतेकदा दहा वर्षांचा अनुभव तिच्याकडेच असतो.

तेव्हा मीटिंगमध्ये हात वर करा आणि विचारा. सगळ्यांचे पिनकोड घेऊन नकाशा काढला का? प्रवासाचा वेळ रविवारी दुपारी मोजला, की मंगळवारी सकाळी साडेआठला? बस कुठून सुटणार, आणि उशीर झाला तर शेवटची किती वाजता? साप्ताहिक सुट्टी कधी? विजेचा भार विभागण्यासाठी पिंपरी-भोसरीत गुरुवारची सुट्टी पडली, ती अजून चालू आहे. मुलांची शाळा रविवारी बंद आणि आई-बाबा गुरुवारी घरी, अशी किती घरं आपण पाहिलीत!

आणि शेवटचा प्रश्न: हा निर्णय घेणाऱ्यांपैकी किती जण रोज त्या रस्त्यानं येणार आहेत?

तुमच्या घरात एच. ए., टेल्को किंवा बजाजमधून रिटायर झालेलं कुणी असेल तर आज त्यांना विचारा, ते कामावर कसे जायचे. उत्तर ऐकण्यासारखं असेल. भेटू पुढच्या भागात.